पाच नंबरची खुर्ची

आमच्या मळ्यात पाणी किती उडालं
यावर पोराची किंमत ठरायची.
मुटका मारला आणि शिंतोडे थारोळ्यापर्यंत पोचले
तर तो गडी.
मी पाठीला पांगारा बांधलेली पोर,
तरी एकदा थारोळं भिजवलं होतं.
कुणी मोजलं नाही, ते सोडा.

आता कोल्हापुरात, या निळ्या फरशीच्या तलावाशेजारी
पांढरा शर्ट घालून पाचव्या खुर्चीवर बसते
आणि पाणी उडालं की मार्क कापते.

कसं असतं, सांगते.
फळी पाण्यापासून तीन मीटर.
मुली बारा, प्रत्येकीच्या उड्या पाच,
कुठली कितव्या फेरीत, ते आदल्या दिवशी
कागदावर सही करून द्यायचं.
लिहिली एक आणि मारली दुसरी, तर शून्य,
ती दुसरी कितीही देखणी असो.
फळीखालचं चाक पायाच्या अंगठ्यानं फिरवून
जी ती आपला लवका ठरवून घेते,
हातरुमालाएवढ्या पंचानं पोटऱ्या पुसते,
पंचा खाली भिरकावते.
पाण्यावर एक नळी सारखी फवारा मारत असते,
कारण निवांत पाणी वरून दिसतच नाही.
गरगरणाऱ्या डोळ्याला
थोडं विस्कटलेलं पाणी लागतं.

शिट्टी. मग सगळ्या तलावात
फक्त त्या नळीचा आवाज.

आम्ही सात जण आकडा दाबतो.
वरचे दोन खोडायचे, खालचे दोन खोडायचे,
उरल्या तिघांची बेरीज, गुणिले काठिण्य.
माझा आकडा बहुधा खोडलेल्यांत असतो.
चहाच्या वेळी बाकीचे म्हणतात,
आडसूळबाई, तुमचा हात भलताच आखडता.
मी बिस्किट बुडवते. बिस्किट तुटतं.

शेवटची फेरी. दुर्वा आडनाईक, कसबा बावडा.
चारशे पाच, बी. काठिण्य तीन.
म्हणजे पाठ पाण्याकडे,
टाचा फळीच्या बाहेर, हवेत,
सगळी मुलगी दहा बोटांवर.
उडायचं मागे आणि गिरकी घ्यायची फळीकडे,
जिथं डोकं आपटू शकतं, तिकडेच.
अडीच कोलांट्या, गुडघे ताठ,
कमरेत घडी, कपाळ नडगीला.
सगळं मिळून दीड सेकंद.
इस्त्रीवालासुद्धा एका घडीला याहून जास्त वेळ घेतो.

ती उघडली, हात लांबवले,
तळव्यावर तळवा,
आणि महाद्वार रोडवर मांजरपाट टर्रकन फाडावा
तसा आवाज. पाणी मिटलं.
प्रेक्षक उठलेच.

पण पाय.
शेवटचे पाय उभ्या रेषेच्या पलीकडे कलले होते,
एवढेसे, कलत्या बाटलीएवढे.
मी साडेचार दाबले.

फलकावर:
सात, साडेसहा, सात, साडेसात,
साडेचार,
साडेसहा, सात.
पाचव्या आकड्याकडे बघून कुणीतरी गॅलरीतून
माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, अस्सल कोल्हापुरीत.
यंत्रानं माझा आकडा पुसला,
साडेवीस गुणिले तीन, साडेएकसष्ट.
पोरगी पहिली आली,
दुसरीपेक्षा नव्वद शतांश जास्त.

संध्याकाळी कपडे बदलायच्या खोलीबाहेर
ओल्या केसांनी ती समोर उभी राहिली.
पदक खिशात, फीत बाहेर लोंबत होती.
"मॅडम, ते साडेचार तुमचं व्हय?"
मी म्हटलं, हो.
ती जरा वेळ आपल्या पायांकडेच बघत होती.
"बरोबर हुतं. पाय पलीकडं गेलंतं माझं.
पाण्यात शिरतानाच कळलं."
मग एकदम दात दाखवत,
"खोडलं ते बरं झालं पर!"
आणि पळाली. आईच्या स्कूटीवर
मागे बसून गेली.

मी कागद गोळा करायला परत आले.
लहान फळीवर क्लबातली सात-आठ वर्षांची कार्टी चढली होती,
रांग नाही, शिट्टी नाही,
गुडघे छातीशी आवळून एकामागून एक धबाधब.
पाणी काठ ओलांडून
एक नंबर, दोन नंबर, खुर्च्या भिजवत आलं.
वॉचमन ओरडला, बाई, सरका की!

मी पाच नंबरवर बसले होते.
बसूनच राहिले.